एक वीत चार बोटं

१३ मार्च १९८८, रविवार

धरणगाव, आमच्या वार्ताहराकडून.

वीस वर्षं जळगावच्या दैनिकाला बातम्या पाठवतोय, त्यामुळे कोऱ्या कागदावर हात आपोआप हीच ओळ उमटवतो. असो. बियाण्यांच्या कंपनीने भेट दिलेली ही डायरी मार्च उजाडला तरी कोरीच होती. आज तिला काम मिळालं, कारण बातमी मोठी आहे आणि छापण्याजोगी नाही.

कुंदाचं पत्र आलं. कुंदा म्हणजे द्रौपदाक्काची एकुलती लेक, माझी भाची. याच घरात लहानाची मोठी झाली. जावई दीपनगरला वीज केंद्रात होते तेव्हा ती दोन तासांवर होती आणि तेवढं अंतरही आम्हाला फार वाटायचं. दीड वर्षापूर्वी दोघं टोरांटोला गेले. गेल्या खेपेला तिचे दिवस भरले नाहीत. ते तिने तीन ओळींत कळवलं होतं. आता पुन्हा दिवस आहेत, मे अखेरची तारीख. लिहिते, "मामा, इथले डॉक्टर चांगले आहेत, पण रात्री दचकून उठते तेव्हा डॉक्टर काय कामाचे? आईला पाठवा. तिकीट धाडतो. ती नाही म्हणेल. तिला तयार करणं तुमच्याकडे."

पत्र अक्काला वाचून दाखवलं. ती गहू निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं, एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "आखो वाच." मी पुन्हा वाचलं. मग ताट घेऊन आत गेली.

अक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आमची माय गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. मला अक्काने वाढवलं. पुढे नवरा गेल्यावर ती कुंदाला घेऊन माझ्याकडे आली, आणि नऊ वर्षांपूर्वी माझी बायको गेली तेव्हापासून या घरात चूल पेटते ती तिच्यामुळे. ही केवळ पार्श्वभूमी. बातमीत पार्श्वभूमी शेवटी घालतात, कारण जागा कमी पडली तर ती कापता येते.

१५ मार्च

अक्काने अट घातली. आम्ही दोघं घरात अहिराणीच बोलतो. माझं बोलणं मी लिहिताना सुधारून घेतो; अक्काचं सुधारण्याची छाती नाही.

"जासू," ती म्हणाली. "पन विमानमा पानी पेवाव नही, घास खावाव नही. आनि त्या लोकेस्ना संडास शे ना, तठे तं मुळीच जावाव नही. बठ्ठा लोके देखतस."

"अक्का, त्याला दार असतं."

"तू बठेल शे का विमानमा?"

मी बसलेलो नाही. संस्कृत वाङ्मयात विमानं पुष्कळ, पण एकाही कवीने त्यात ही सोय कुठे असते ते लिहिलेलं नाही.

"कितला तास लागतीन तितलं सांग," ती म्हणाली. "निर्जळी एकादशी मी चोवीस तासनी करस. त्याना आत व्हई तं जासू. वर व्हई तं नही."

तेव्हा प्रश्न साधा आहे: मुंबई ते टोरांटो विमानाने किती अंतर आणि किती वेळ. हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या माणसावर ही वेळ यावी!

गेल्या श्रावणात एकादशीच्या दुसऱ्या दिवशी अक्काला न्हाणीत चक्कर आली होती, हेही येथे नोंदवून ठेवतो.

२१ मार्च

तिकीट आलं. मुंबईहून रविवारी, २४ एप्रिलला पहाटे सव्वादोनला सुटणार. लंडनला विमान बदलायचं. टोरांटोला त्याच रविवारी दुपारी साडेतीनला पोहोचणार. सव्वादोन ते साडेतीन: तेरा तास पंधरा मिनिटं.

एका साक्षीदारावर बातमी देऊ नये, म्हणून शाळेत जाऊन पडताळलं. शिक्षकांच्या खोलीतला पृथ्वीचा गोल कपाटावरून उतरवला. (दक्षिण ध्रुवापाशी पोचा आहे, तो सन एकाहत्तरच्या स्नेहसंमेलनातला.) अक्काच्या वातींच्या डब्यातून सुताचा दोरा नेला होता. मुंबईवर बोट ठेवून दोरा टोरांटोपर्यंत ताणला. भिंतीवरच्या नकाशात वाट आफ्रिकेवरून जाईल असं वाटतं. गोलावर दोरा सरळ रशियावरून, बर्फाच्या माथ्यावरून गेला. तीनदा ताणला, तीनदा तसाच. लांबी एक वीत चार बोटं. पट्टीवर तीस सेंटिमीटर. गोलाच्या घेरावरून हिशेब केला तर साडेबारा हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी नऊशे धरला, तर जेमतेम चौदा तास.

दोन स्वतंत्र साक्षीदार एकच सांगतात. आणखी काय हवं?

भूगोलाचे हिलाल पाटील सर खोलीत आले. "शास्त्रीबुवा, पृथ्वीचं माप घेताय? सदरा शिवायचा का?" भूगोलवाल्यांना दोन विनोद येतात, त्यातला हा बरा.

घरी येऊन अक्काला सांगितलं. तेरा तास, फार तर चौदा. दोरा दाखवला. तिने तो तळहातावर घेतला, वीत लावली, चार बोटं लावली.

"इतलंसं?"

"इतकंच."

तिने दोरा गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवला. वातींसाठी परत लागेल असं वाटलं असावं.

२४ मार्च

अक्का हिलाल सरांच्या घरी उडदाचे पापड घेऊन गेली. दीड तास बसली. त्यांच्याशी आमचं पापडाचं नातं केव्हा जुळलं ते कळलं नाही.

२८ मार्च

बाजार समितीत दोन गटांत बाचाबाची. मी दोनशे शब्द पाठवले. छापून आले अकरा. त्यांत धरणगाव हा शब्द चुकीच्या जागी.

२ एप्रिल

अक्काला अचानक उधन्याला जायची हुक्की आली. तिथे मावसबहीण रुक्माबाई राहते. धागा कारखान्यांमुळे अर्धा खानदेश सुरतेकडे गेला त्यातलीच ती. मी म्हटलं, उन्हाळ्यात कशाला? तर म्हणे, जायच्या आधी भेटून येते. पॅसेंजरने गेली, रात्रीच्याच गाडीने परत निघून आज सकाळी आली. स्टेशनावर आणायला गेलो. टांगा घराशी थांबला. घरात पाऊल टाकलं, मोरीकडे गेली, मग उभ्याने दोन तांबे पाणी प्यायली.

"रुक्माबाईने चहापाणी नाही केलं?"

"करं ना. माले नको व्हतं."

बहिणीबहिणींचं काहीतरी बिनसलं असणार. मी खोलात गेलो नाही.

७ एप्रिल

अक्काची पाठ दुखते आहे. माझ्या लिहायच्या लोखंडी खुर्चीत दुपारभर बसून होती, आणि पोटावरून जुन्या लुगड्याचा पट्टा खुर्चीला बांधलेला. मी विचारलं तर म्हणाली, "बठाले बरं वाटस." तेल लावून देऊ का म्हटलं, तर हसली. वय झालं. तिथल्या थंडीत कसं निभणार, देव जाणे.

१५ एप्रिल

एकादशी होऊन दोन-तीन दिवस झाले तोच आज पुन्हा निर्जळी. कोणती तिथी म्हणून विचारलं तर म्हणाली, "मनी." माझी, म्हणजे तिची स्वतःची तिथी. पंचांगात अशी तिथी नाही. लेकीसाठी बोलली असेल नवस.

१६ एप्रिल, शनिवार

आज माझी शोभा झाली.

परीक्षेच्या देखरेखीत हिलाल सर बाजूला होते. त्यांना तिकिटाचं सहज सांगितलं, तेरा तासांचं. सर थेट प्रश्नावर आले.

"शास्त्रीबुवा, सव्वादोन कुठले?"

"मुंबईचे."

"आणि साडेतीन कुठले?"

"टोरांटोचे."

"मुंबईत साडेतीन वाजतात तेव्हा टोरांटोत किती वाजतात?"

मी मुलांना पंचांग समजावतो. काशीचा सूर्योदय आणि धरणगावचा सूर्योदय यांत मिनिटांचा फरक का पडतो ते फळ्यावर काढून दाखवतो. आणि अर्धी पृथ्वी ओलांडताना तो फरक विसरलो! सरांनी प्रश्नपत्रिकेच्या मागे मांडून दिलं. तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. शिवाय लंडनच्या वळशाचं अंतर माझ्या दोऱ्यात नाही, आणि लंडनला साडेपाच तास बसायचं तेही नाही. सुटल्यापासून पोहोचेपर्यंत बावीस तास पंचेचाळीस मिनिटं. त्यापूर्वी मुंबईच्या विमानतळावर तीन तास. नंतर उतरून बॅगा, साहेबाचे प्रश्न, मोटार. चोवीसाच्या वर गेलंच.

दोन साक्षीदार एकच सांगत होते, कारण दोघेही चुकीचे होते.

"आता अक्काला काय सांगू?" मी म्हटलं.

हिलाल सर विचित्र हसले. "सांगायची घाई करू नका."

१७ एप्रिल

दिवसभर विचार केला. मांडून पाहतो.

सांगितलं, तर अक्का अटीवर बोट ठेवेल आणि जाणार नाही. कुंदा तिथे एकटी. गेल्या खेपेच्या त्या तीन ओळी मी अजून जपून ठेवल्या आहेत.

नाही सांगितलं, तर एकसष्ट वर्षांची बाई माझ्या शब्दावर विमानात बसेल. तेरा तास झाले की म्हणेल, आता आलं. आणि खाली अजून समुद्रच असेल. पाणी नाही, अन्न नाही. चक्कर आली तर कोणाला काय म्हणून हाक मारील?

म्हणजे सांगणं भागच आहे. संध्याकाळी सांगायचं असं ठरवून उठलोही. तेवढ्यात ध्यानात आलं, की मला फार हलकं वाटतंय. एवढं हलकं का वाटावं? खरं सांगितलं की ती जाणार नाही, आणि जाणार नाही म्हणजे

हे वाक्य पुरं करत नाही. सत्याची मला इतकी घाई यापूर्वी कधी झाली नव्हती, एवढंच नोंदवतो.

सांगितलं नाही.

२० एप्रिल

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, झाली. गल्लीत झाडाझाडाला झोके, माहेरी आलेल्या पोरींचा दंगा. कुंदाचा झोका बांधायचो त्या निंबाला यंदा शेजारच्या ताईबाईच्या मुलींचा झोका होता. ताईबाई अक्काला म्हणाली, "आखाजीले पोरी मायकडे येतस, तू तं उलटीच निंघनी!"

अक्का म्हणाली, "पोरले येता येत नही, तं मायनी जावानं. त्याम्हा काय?"

दुपारी सांजोऱ्या करायला बसली. समोर पाट घेऊन मी बसलो आणि सुरुवात केली. "अक्का, त्या तासांचं जरा..."

"तेरा ना? ध्यानमा शे." लाटणं थांबलं नाही. "तूप बरणीमा शे, डाव्या फळीवर. मिरच्यास्नं तिखट शेजारनी मंदाबाई कुटी दी. भाकर तुले येत नही, खिचडी येस. रोज खिचडी खाजो नको."

"अक्का, ऐक तरी."

"आनि पेपरवाला अकरा शब्द छापतीन, पन तू दोनशेच धाडत जा."

तिला वाचता येत नाही. माझे शब्द किती छापून येतात हे तिला कोणी सांगितलं?

मुंबईपर्यंत जावयांचा धाकटा भाऊ नेणार आहे. मी विमानतळावर जाणार नाही. उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत. अक्काही म्हणाली, "तू येऊ नको." उत्तरपत्रिकांचं तिला पटलेलं दिसतं.

२३ एप्रिल, शनिवार

सकाळी जळगाव स्टेशन. अक्काने नवं नऊवारी, त्यावर माझा जुना लोकरी कोट. हातात कापडी पिशवी, तीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मुंबईत पोहोचेपर्यंत खायला. त्यापुढे उपास सुरू.

गाडी वीस मिनिटं उशिरा होती. वीस मिनिटांत माणूस रामायण सांगू शकतो. मी एवढंच म्हणालो, "अक्का, वेळ लागला तर घाबरू नको. तेराच्या वर गेलं तरी विमान चाललेलंच असतं. आणि पाणी प्यायलं तर देव काही बोलत नाही. पाहिजे तर तुझा उपास मी इकडे पुरा करतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. दीड वर्षाच्या पोराकडे पाहावं तसं.

"तू?" म्हणाली. "तुले अकरा वाजता भूक लागस."

गाडी आली. तिने खिडकीतून हात काढून माझ्या कॉलरचं बटण लावलं. हिलाल सरही आले होते. त्यांना पाया पडू दिलं नाही तिने, उलट त्यांनाच हात जोडले. कशाबद्दल ते कळलं नाही.

तेराच्या वर म्हणालो, बावीस पंचेचाळीस म्हणालो नाही. बातमी अर्धी दिली.

२४ एप्रिल, रविवार

सकाळी सात. ती अरबस्तानाच्या पलीकडे असेल.

चहा ठेवला, उतू गेला. परत ठेवावासा वाटला नाही.

साडेअकरा. लंडन. जमिनीवर आहे. तिथे ती एका बाकावर साडेपाच तास बसणार, मांडीवर पिशवी. तिथे नळ असतील. पिणार नाही. माझा अक्कावर विश्वास आहे, तीच तर अडचण आहे.

ओट्यावर पितळी डबा दिसला, फडक्यात बांधलेला. जाण्यापूर्वी करून ठेवला असणार. भूक नव्हती, सोडला नाही. काल रात्रीही नव्हती. उन्हाळा आहे.

साडेतीन. माझ्या हिशेबाने आता ती उतरली असती. कोट काढून कुंदाला जवळ घेतलं असतं. ज्या मूर्खाने हा हिशेब केला त्याच्या उत्तरपत्रिकेवर मी किती गुण दिले असते?

ती आत्ता लंडनहून सुटायचीही आहे.

संध्याकाळी हिलाल सर येऊन गेले. म्हणाले, "चला, आमच्याकडे जेवायला." नको म्हटलं. "पाणी तरी घ्या." तेव्हा लक्षात आलं की पाणीही काल रात्रीपासून घेतलं नाही. आता चोवीस होतच आले, तर कशाला मोडा. सरांनी गोलाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं, आणि पेला झाकून ठेवून गेले.

इथे सूर्य मावळला. तिच्यासोबतचा अजून मावळलेला नाही. ती त्याच्या मागे मागे चालली आहे. एवढा लांब दिवस तिला आयुष्यात दिसला नसेल, आणि मी तो तेरा तासांत बसवला होता.

२५ एप्रिल, सोमवार

सकाळी साडेसहाला बन्सीलालशेठ स्वतः धोतर सावरत धावत आले. कापसाचे व्यापारी, गल्लीत फोन फक्त त्यांच्याकडे. "आधारभाऊ! चला, टोरांटो!"

पायांत चपला घातल्या की नाही आठवत नाही. फोनवर प्रत्येक शब्द आधी तिकडे जायचा आणि मग माझाच आवाज मला परत ऐकू यायचा.

"अक्का? अक्का?"

"तू जेवना का?"

साडेबारा हजार किलोमीटरवरून आलेलं पहिलं वाक्य. बन्सीलालशेठनाही ऐकू गेलं; ते भिंतीकडे वळून हसले.

"माझं सोड. तू कशी आहेस? चक्कर आली का? पाणी?"

"मी दोन डाव जेवनी."

"कुठे?"

"विमानमा. बाजूले एक पंजाबी माय व्हती. तीबी आंडेरना बाळंतपणलेच निंघेल. तिनी घरना पराठा काढात. म्हने खा. लेकना घर जानारी माय उपाशी जास का? मंग मी तिले दशमी दिधी."

"दशम्या उरल्या होत्या?"

"ठेवेल व्हत्यात. आनि तठेबी जाई उनूत. ती आत गयी तवय मी दार धरं, मी गयी तवय तिनी."

मग मी सगळं कबूल केलं: घड्याळाचं, साडेनऊ तासांचं, लंडनचं, पंधरा दिवस लपवल्याचं. दिवस नऊ होते, पण घाबरलेला माणूस पंधराच म्हणतो.

पलीकडे थोडं हसू ऐकू आलं. एक नाही, दोघींचं.

"हिलाल गुरुजीनी माले तवयच सांगेल व्हतं," अक्का म्हणाली. "पापड दिधा त्या दिन. उधन्याले उगाच गयथू का मी? चोवीस तास बठी पाह्यं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

आधी माझाच प्रश्न मला परत ऐकू आला, मग तिचं उत्तर.

"तू इतला आनंदमा दोरा लई उना व्हता," ती म्हणाली. "तुले तेरा बरं वाटे. ऱ्हाऊ दिधं."

मग कुंदा आली. "मामा, ती बसल्याबसल्या दोरा दाखवतेय सगळ्यांना. आमच्या शेजारच्या बाईंनाही दाखवला. म्हणते, माझ्या भावाने मोजलंय, एवढंसंच आहे."

तीन मिनिटं झाली असावीत. शेवटी पुन्हा अक्का.

"डबा सोडना का?"

"अजून नाही."

"माले माहीत व्हतं. सोड आते."

घरी आलो. फडकं सोडलं. आत दोन थप्प्या होत्या, मध्ये केळीचं पान. एकीत दशम्या, दुसरीत सांजोऱ्या. ती तेराच तास वाटेत असती, तर माझ्यासाठी एका वेळचं पुरलं असतं. तिने दोन वेळचं ठेवलं होतं.

दशम्या कडक झाल्या होत्या. दुधात कुस्करून खाल्ल्या. वर झाकलेला पेला होता, तो प्यालो. घड्याळ पाहिलं: सात वाजून दहा मिनिटं, सोमवार. बोटांवर साडेनऊ मागे मोजले. तिकडे अजून रविवार, रात्रीचे नऊ चाळीस. कुंदा अक्काला अंथरूण घालून देत असेल.

उपास आम्ही दोघांनी मिळून पुरा केला म्हणायचा. तो सोडला मात्र तिने आधी.